पायावरच्या अळ्या आणि मी कापलेली ओळ

तुमच्या पायावर जिवंत अळ्या सोडू का, असं डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल?

मी "शी!" म्हणाले होते. पाठोपाठ, सवयीनं, भाषण सुरू केलं होतं. हे अघोरी आहे, मी स्वतः याविरुद्ध लिहिलंय, पत्रक काढलंय, गावात जाऊन वाटलंय.

डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुठल्या अळ्यांविरुद्ध?"

अळ्यांत प्रकार असतात का, हे मी पत्रक लिहिताना विचारलंच नव्हतं.

माझा डावा पाय त्यांच्या समोरच्या स्टुलावर होता. करंगळी काळी पडली होती. तिच्याखाली तळव्यावर काडेपेटीएवढी जखम होती, कडेनं काळी आणि मध्ये राखाडी-पिवळी. आई दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि जखमेकडे सोडून सगळीकडे बघत होती.

"करंगळी जाणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रश्न उरलेल्या पायाचा आहे. मेलेलं मांस काढलं नाही तर विष वर चढेल. मी चाकूनं काढू शकते, पण तुझ्या पायात रक्त आधीच कमी येतंय. चाकूला मेलेलं आणि जिवंत यातला फरक कळत नाही, तो दोन्ही नेतो. या अळ्यांना कळतो."

"आणि त्यांनी नाही झालं तर?"

"मग अर्धा पाय."

हे लिहिताना माझं वय अठ्ठावीस आहे आणि दोन्ही पायांवर उभी राहून मी चहा करू शकते. ज्यांना असं काही ऐकावं लागलंय किंवा लागणार आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. पण फक्त धीर द्यायला लिहिते असं म्हणाले तर ते खोटं ठरेल.

क्रांती नावाची मुलगी

आमचं घर सोलापुरातलं, नोकरदारांचं. बाबा शिक्षण खात्यात कारकून होते. रविवारी मात्र ते कारकून नसायचे. रविवारी आमच्या पुढच्या खोलीत पत्रकांच्या चवडी लागायच्या. भोंदूबाबा, अंगात येणं, करणी, भानामती. शाळेत जायच्या आधी मी पत्रकाची तीन घड्यांची घडी घालायला शिकले. माझं नावही तसंच ठेवलं. वर्गात हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी थांबायच्या, हसायच्या आणि पुढे जायच्या.

बाबांचा एक नियम होता. एका पत्रकात एकच मुद्दा. वाचणारा माणूस बाजारात उभा असतो, एका हातात पिशवी असते. त्याला "पण", "मात्र", "तरीसुद्धा" वाचायला वेळ नसतो. हा नियम मी बाबांपेक्षा कडक पाळला.

तेराव्या वर्षी मला शुगर निघाली. लहानपणची, इन्शुलिनवाली. घरात सगळ्यांना माहीत, बाहेर कुणालाच नाही. कार्यकर्ती म्हणून मला कुणाची कीव नको होती. मोर्चा लांबला तर जेवण लांबायचं, बैठक लांबली तर सुई चुकायची. आई विचारायची, "घेतलीस का गं?" मी म्हणायचे, "घेतली." त्यातलं किती खरं होतं ते माझं मलाच माहीत आहे.

मे महिन्यात एका मोर्चात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी दोन्ही चपला पिशवीत टाकल्या आणि उरलेला रस्ता डांबरावरून अनवाणी चालले. सोलापूरचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. एकानं फोटो काढला. मला चटका बसत नव्हता, आणि मला खरंच वाटलं की ही माझी निष्ठा आहे.

ते माझ्या पायातल्या मेलेल्या नसांमुळे होतं. घरी येऊन बघितलं तर तळव्यावर फोड होता. दुखत नव्हता, म्हणून मी त्यावर पट्टी लावली आणि मोजे घातले.

पुढचे अठरा-एकोणीस दिवस मी मोजे घालूनच होते. एका सकाळी आई धुणं घेऊन आली. "क्रांती, मोज्याला वास कसला येतोय गं?"

"माझ्या वस्तूंना हात लावू नको म्हणून किती वेळा सांगितलंय आई तुला!"

तिनं मोजा परत बादलीत टाकला आणि दोन दिवसांनी, मला ताप चढल्यावर, न विचारता रिक्षा बोलावून आणली. या आजारात मला ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांतली ही लहान आहे.

पिशवी

संमतीपत्र बाबांनी वाचलं. पत्रकाचा कच्चा खर्डा तपासतात तसं पेन घेऊन वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या. मग पेन माझ्याकडे दिलं आणि ते बाहेर जाऊन बसले.

अळ्या बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेतून थंड डब्यात आल्या. अंडी आधी निर्जंतुक करून, त्यातून जन्माला घातलेल्या. चहाच्या पुडीसारखी जाळीची छोटी पिशवी, आणि आत राजगिऱ्याहून थोडे मोठे पांढरे ठिपके. सिस्टरनी जखम धुतली, पिशवी ठेवली, वर ओलं कापड आणि सैल पट्टी. "क्रांती, पाय हलवू नको हं," त्या म्हणाल्या. "तुझे कार्यकर्ते पांगतील."

शेजारच्या खाटेवरून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

त्या महादेवीकाकू. पंचावन्नच्या आसपास, कपाळावर मोठं गोंदण, वळसंगजवळच्या एका वस्तीवरच्या. घरी मेंढरं. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी कापला होता. टाक्यांजवळची एक जागा भरत नव्हती, तिथं रोज मधाची पट्टी लावत होते. दवाखान्याचा मध, ट्यूबमधला.

"काय बांदलंय गं पोरी?"

"अळ्या, काकू."

"व्हय? जित्त्या?"

"जिवंत."

"मंजी मेंढरं चरायला सोडल्यात म्हण की." आणि त्या पुन्हा हसल्या. त्यांची सून शोभा पदर तोंडाला लावून लांब सरकली.

त्यानंतर रोज सकाळी काकू विचारायच्या, "काय म्हणत्यात मेंढरं? पोटं भरली का?" ज्या गोष्टीनं माझ्या आईला दाराबाहेर जाऊन उलटी झाली, त्या गोष्टीची या बाईनं दोन वाक्यांत थट्टा करून टाकली. त्या थट्टेचा मला जेवढा आधार झाला तेवढा एकाही गोळीचा झाला नाही.

ज्यांना हे करून घ्यायचंय त्यांना खरं तेच सांगते. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी जखमेच्या कडेला वळवळ कळते, मग टाचणी टोचल्यासारखं होतं. मी रडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखतंय म्हणजे तिथली नस जिवंत आहे, रड. वास येतो, ओल्या गोधडीसारखा, आंबूस. ज्याला सहन होत नाही त्याला बाहेर बसू द्यावं, त्यावरून प्रेम मोजू नये. तिसऱ्या दिवशी पिशवी काढली तेव्हा आतले ठिपके भाताच्या शितांएवढे झाले होते. दुपारी आईनं वरणभाताचा डबा उघडला, मी भाताकडे बघितलं आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरी आली. मी घरी येईपर्यंत आमच्या घरात भात शिजला नाही.

डॉक्टरबाई पट्टी बदलताना बोलत असायच्या. मला चिडवत असायच्या म्हणा. "तू किड्यांच्या विरुद्ध ना? मग या गोळीवरची चकाकी बघ, ती लाखेची असते, लाख किड्याचीच. काही ठिकाणी आम्ही अजून रेशमाच्या धाग्यानं टाके घालतो. शेजारच्या काकूंना मध. जुन्या वैद्यकात तर आतड्याच्या जखमेला मुंगळ्यांच्या तोंडांनी टाके घातल्याचं लिहिलंय."

"म्हणजे गावठी वैदू बरोबर होते?"

"असं कुठं म्हटलं मी? उघड्यावरच्या माशीची अळी जिवंत मांसातही घुसते. माझ्याकडे असे पेशंट येतात, नाका-कानात अळ्या पडलेले. मधमाशीच्या डंखानं माणूस पाच मिनिटांत जातो. तपासल्याशिवाय हो म्हणायचं नाही." त्यांनी चिमट्यानं एक चुकार अळी उचलली. "नाहीसुद्धा म्हणायचं नाही."

दुपारची गोष्ट

दुसरी पिशवी बांधली त्या दुपारची गोष्ट. शोभा काकूंचे केस विंचरत होती. माझी आई घरी गेली होती. सिस्टर मधाची पट्टी लावून गेल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "आमच्याकडं आण्णाबी मदच लावायचा."

"कोण आण्णा?"

"बिराप्पाण्णा. लई जुना माणूस. मेंढराच्या जखमा बघायचा, माणसाच्याबी बघायचा."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"माज्या बोटाला खिळा लागला," काकू सांगत होत्या. "काळं पडलं. गेले आण्णाकडं. कट्ट्यावर बसला हुता. म्हणलं, आण्णा, बग की जरा. त्यानं मान फिरवली. म्हणला, म्हादेवी, माज्यावर कागद आलाय. पंचायतीत वाचला सगळ्यांनी. आता मी कुणाच्या पायाला हात लावत न्हाय, डोळाबी लावत न्हाय."

"मग तुम्ही लगेच सोलापूरला का नाही आलात?" मी विचारलं.

"कोण म्हणलं ये म्हणून? आदी आण्णाच म्हणायचा. बोट काळं दिसलं की हात मागं घ्यायचा. हे माजं काम न्हाय, म्हणायचा, सोलापूरला जा, आत्ताच्या गाडीनं जा. त्यो म्हणला की आमी जायाचो. आता कोण म्हणतंय? पोरगं म्हणलं हळद लाव. लावली. दुकत तर नव्हतं. महिना गेला की गं."

शोभा म्हणाली, "आत्या, मी म्हणलं हुतं डाक्टरला दावू."

"तू म्हणलीस, पर तुजं कोण ऐकतंय? आण्णा म्हणला आसता तर ऐकलं आसतं." काकू कपाळावर हात मारून हसल्या. "कुणी काडला कागद कुणास ठावं. शिकलेली मानसं आसत्याल."

मी पाणी मागितलं. शोभानं उठून माझ्या हातात पेला दिला.

ती ओळ

चार वर्षांपूर्वी मी बिराप्पाण्णांकडे गेले होते. कुणाची तरी भाची म्हणून, गुडघे दुखतात असं खोटं सांगून. तक्रारी खऱ्या होत्या. सांधेदुखीला ते मधमाशी डसवायचे, आणि एका बाईचा घसा सुजून ती जेमतेम वाचली होती. कातडीला फोड आणणारा एक किडा वाटून ते टकलावर लावायचे, त्यानं एकाचं डोकं सोललं होतं. जखमेत अळ्या पडल्या तर म्हणायचे, दोन दिवस राहू द्या. हे थांबवायला हवं होतं असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

पण मी तिथं बसले असताना एक माणूस पाय धरून आला. अंगठा काळा. आण्णांनी वाकून वास घेतला आणि हात मागे घेतला. "हितं न्हाय," म्हणाले. त्या माणसाला औषध हवं होतं, तो विनवत होता. आण्णा उठले, त्याचा दंड धरून त्याला फाट्यापर्यंत चालवत नेलं, एसटीत बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "ह्याला सिव्हिलला उतरीव. मदी उतरू दिऊ नगंस." मी त्यांच्यामागं चालत गेले होते. सगळं वहीत लिहून घेतलं होतं.

पत्रकाच्या खर्ड्यात शेवटी एक ओळ होती. "काळी पडलेली जखम मात्र ते हाताळत नाहीत, अशा रुग्णांना तातडीने सोलापूरला पाठवतात."

बाबांनी खर्डा वाचला आणि त्या ओळीवर पेन टेकवून म्हणाले, "ही राहू दे का गं?"

"नको," मी म्हणाले. "धार जाते."

मी ती कापली. पत्रक वळसंगच्या बाजारात वाटलं, पंचायतीत वाचलं गेलं, आण्णांना समज दिली गेली. आमच्या अहवालात मी त्याला विजय म्हटलं.

गावात मूळव्याधीपासून विंचवापर्यंत सगळं करणारी माणसं असतात, ती मी खूप पाहिली. "हे माझं काम नाही, दवाखान्यात जा" असं म्हणणारा माणूस मी एकच पाहिला होता. त्यालाच मी गप्प केलं होतं.

दोन दिवस

दोन दिवस मी बोलले नाही. खाटेवर पडून मनातल्या मनात पत्रक लिहीत होते, या वेळी स्वतःच्या बचावाचं. काकूंचा पाय मधुमेहानं गेला. मुलानं हळद लावली. डॉक्टरकडे जा असं पत्रकातही म्हटलं होतंच की. प्रत्येक मुद्दा खरा होता. मी अशीच खऱ्या मुद्द्यांची माणूस आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी दुसरी पिशवी काढली. राखाडी गेलं होतं. आतलं मांस फोडलेल्या डाळिंबासारखं लाल आणि ओलं दिसत होतं. डॉक्टरबाईंनी सिस्टरना जवळ बोलावून दाखवलं. मग माझ्याकडे वळल्या. "करंगळी काढू. बाकी पाय तुझा."

आई रडली. आणि शेजारच्या खाटेवर महादेवीकाकूंनी टाळ्या वाजवल्या. "वाचला! पोरीचा पाय वाचला! म्हणलं न्हवतं, मेंढरं चांगली हायती म्हणून?"

त्यांच्या चादरीखाली एका बाजूला उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला चादर सपाट होती. त्या माझ्या पायासाठी टाळ्या वाजवत होत्या.

डॉक्टरबाई गेल्यावर मी म्हणाले, "काकू, तो कागद मी काढला होता."

"कुठला?"

"आण्णांवरचा."

आई माझ्याकडे बघायला लागली. शोभा फणी हातात धरून उभी राहिली.

"तू?" काकू म्हणाल्या. "खोटं लिवलं हुतंस?"

"नाही. खरं होतं. पण अर्धं."

"ऱ्हायलेलं कुठलं?"

"ते काळ्या पायवाल्यांना सोलापूरला पाठवायचे, ते."

"तुला ठावं हुतं?"

"हो. माझ्यासमोर एकाला गाडीत बसवलं होतं."

"मग का न्हाय लिवलंस?"

"जागा नव्हती," मी म्हणाले.

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मेंढराचं वय दात बघून सांगणाऱ्या बाईसमोर मी खोटं बोलत होते.

"जागा होती," मी म्हणाले. "ती ओळ वाचून लोकांना तुमच्या आण्णांचा राग आला नसता. लोकांना राग यावा असंच मला हवं होतं."

"अय्यो," एवढंच काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

शोभा मला व्हरांड्यात भेटली, मी चाकाच्या खुर्चीत होते. "ताई, तुमी लिवलंत आन् घरी गेलात," ती म्हणाली. "माज्या सासूला आता न्हाणीत न्यायला रोज दोन मानसं लागत्यात. एक मी आन् दुसरं शेजारचं. शेजारचं किती दिस येतंय?" ती ओरडत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

आता दर आठवड्याला एक दिवस मी वस्तीवर जाते आणि त्या दिवशी दुसरं माणूस मी असते. त्यानं आठवड्यातला एकच दिवस सुटतो, बाकीचे सहा शोभाचेच आहेत.

काकू मला चार दिवस काही म्हणाल्या नाहीत. मेंढरांची चौकशी केली नाही. त्या घरी निघाल्या त्या दिवशी, गाडी खाली आल्यावर, माझ्या खाटेपाशी खुर्ची थांबवून म्हणाल्या, "आण्णाकडं जा. बगत जा म्हणावं. औशिद नगं लावू म्हणावं. निस्तं बगायचं आन् हाकलायचं सोलापूरला. एवडं सांग त्याला."

"सांगते."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. ते विचारणं म्हणजे त्यांना आणखी एक काम लावणं झालं असतं.

कट्ट्यावर

करंगळी गेली. जखम भरायला तीन महिने लागले. मग कापसाची गादी घातलेला खास बूट चढवून मी वळसंगला गेले. बाबा सोबत होते.

आण्णा कट्ट्यावरच होते. मला बघून म्हणाले, "भाची आली. गुडगं बरं हायती का?"

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी कुणाची भाची नाही. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. कापलेली ओळ, महादेवीकाकू, माझा पाय, त्या अळ्या. अळ्यांचं ऐकताना त्यांनी एकदाच मान हलवली. "धुतलेल्या अंड्यातल्या? आसं व्हय. आमच्या कुटं धुतलेल्या हुत्या." मग म्हणाले, "तुजं खरंच हुतं पोरी. त्या बाईचा घसा सुजला तवा मीबी भ्यालो. माशी लावायची सोडलीच आसती मी. बगायचं सोडीन आसं वाटलं न्हवतं."

"मग परत बघा ना. काकूंनी सांगितलंय. मी नवं पत्रक काढते, सगळं लिहिते, ती ओळ सगळ्यात वर."

"काड की. मी कुटं नगं म्हणतोय?"

"आणि तुम्ही बघाल?"

"न्हाय."

मी बूट काढला, मोजा काढला आणि पाय त्यांच्यासमोर कट्ट्यावर ठेवला. "निदान हा तरी बघा."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आदी मानसं पाय फुडं करायची आन् दुसरीकडं बगायची. इस्वास हुता. आता पाय फुडं करत्यात आन् माज्या तोंडाकडं बगत्यात. तू बग, तूबी आत्ता तेच करायलीस. आसं कुणी बगायला लागलं की मला जखम दिसत न्हाय पोरी, माजंच भ्या दिसतंय. मी जा म्हणलं आन् त्यो गेला न्हाय, तर? मी ऱ्हा म्हणलं आन् पाय गेला, तर? न्हाय. घाल ती पायतानं."

बाबांनी वाकून माझा मोजा उचलला. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "मी नुसतं विचारलं. सांगायला हवं होतं."

नवं पत्रक मी काढलं. दोन्ही बाजू छापलेलं, "पण" आणि "मात्र" असलेलं. बाजारात लोकांनी ते घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. आण्णा अजून कुणाचा पाय बघत नाहीत. त्या भागात काळं पडलेलं बोट ओळखून "आत्ताच्या गाडीनं जा" म्हणणारं आता कुणी नाही, आणि ती जागा मी रिकामी केली आहे. आठवड्यातून एकदा जाऊन ती भरून निघत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात ज्यांना शुगर आहे, आई, वडील, सासू, कुणीही, त्यांना आज खुर्चीत बसवा. स्वतः खाली बसा आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घ्या. तळवा बघा, टाच बघा, बोटं एकेक करून फाकवून बेचक्यांत बघा. दुखतंय का, असं विचारू नका, दुखत नाही हाच या आजाराचा घात आहे. काळं, ओलं, चिघळलेलं काही दिसलं, वास आला, तर घरचं काही लावू नका. हळद नको, मध नको, आणि ज्या अळ्यांनी मला वाचवलं त्या तर घरी मुळीच नकोत. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. काही दिसलं नाही तर उद्या पुन्हा बघा.

ते लाजतील. "आता काय पाय बघतोस" म्हणतील, पाय मागे ओढतील. सोडू नका.